केरॅटोकोनसमुळे बुबुळ बदललं, आता पुढची पन्नास वर्षं

केरॅटोकोनस म्हणजे बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा आजार. बुबुळ-रोपणाच्या सगळ्या प्रकारांत त्यासाठी केलेलं रोपण सगळ्यात चांगलं टिकतं, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. ते खरंच आहे. पाच वर्षांनी पाहिलं तर दहातली नऊ रोपणं किंवा त्याहूनही जास्त स्वच्छ असतात. हे ऐकून घरच्यांना हायसं वाटतं, आणि मग सगळे जरा जास्तच निर्धास्त होतात.

कारण हा पेशंट तरुण असतो. सत्तरीच्या आजोबांचं बुबुळ बदललं आणि ते पंधरा वर्षं टिकलं, तर काम झालं. बावीस वर्षांच्या मुलाला मात्र तेच बुबुळ पन्नास-साठ वर्षं वापरायचं असतं. ऑस्ट्रेलियात बुबुळ-रोपणांची देशभराची नोंदवही ठेवली जाते. तिथल्या केरॅटोकोनसच्या पेशंटांची आकडेवारी २०११ साली छापून आली. पूर्ण जाडीची रोपणं १० वर्षांनी ८९ टक्के टिकलेली होती, २० वर्षांनी मात्र निम्म्याच्या आसपास. म्हणजे पहिल्या पाच वर्षांचं यश पाहून पुढचा हिशेब मांडता येत नाही.

पुढे काय बिघडू शकतं आणि कधी, याचा अंदाज पेशंटला असला तर यातलं बरंच काही वेळेत सावरता येतं. ऑपरेशनच्या दिवशी कोणी हे सगळं सांगत बसत नाही, आणि सांगितलं तरी त्या दिवशी डोक्यात शिरत नाही.

काय बदललं जातं?

बोलताना आपण बुबुळ म्हणतो, पण बदलला जातो तो त्याच्यावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. घड्याळाच्या काचेसारखा तो डोळ्यावर पुढून बसलेला असतो. मध्यभागी त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नसतात. आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. डोळ्यातलं पाणी या पडद्यात सतत झिरपत असतं आणि हा थर ते सतत बाहेर फेकत असतो, म्हणून पडदा नितळ राहतो. या पेशी माणसात पुन्हा तयार होत नाहीत. जन्मतः मिळालेला साठा आयुष्यभर पुरवायचा. हे एवढं लक्षात ठेवा, पुढची निम्मी गोष्ट याच थराभोवती फिरते.

केरॅटोकोनसमध्ये हा पडदा पातळ होत जातो आणि शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुधा वयात येताना होते. अ‍ॅलर्जीमुळे डोळे चोळायची सवय असेल तर तो आणखी बळावतो. सिलिंडर नंबर वाढत जातो, चष्म्याने भागत नाही, मग हार्ड लेन्स किंवा स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) येते. वेळेत कळलं तर क्रॉसलिंकिंग, म्हणजे औषधाचे थेंब आणि अतिनील किरणांनी पडदा कडक करायचा उपाय, करून आजार जागच्या जागी थांबवता येतो. लेन्स बसेनाशी झाली किंवा बुबुळावर फूल, म्हणजे पांढरा डाग, पडलं, की रोपणाचा विषय निघतो. तिथवर पोचणारे पेशंट थोडेच.

रोपण दोन तऱ्हेने करतात. एकात पूर्ण जाडीची चकती काढून दात्याची बसवतात. तिचा व्यास साधारण साडेसात ते साडेआठ मिलिमीटर असतो. हे पीके. दुसऱ्यात पुढचे थर बदलतात आणि पेशंटचा स्वतःचा आतला थर तसाच ठेवतात. हे डाल्क. केरॅटोकोनसमध्ये आतला थर बहुधा धडधाकट असतो, त्यामुळे तो फेकून द्यायचं कारण नसतं. पडद्यात हवा भरून आतला थर मोठ्या बुडबुड्याने अलग करायची पद्धत अन्वर आणि टायखमन या डॉक्टरांनी २००२ मध्ये मांडली आणि डाल्क बऱ्याच ठिकाणी रुळलं. मात्र आतला पापुद्रा आधीच फाटून बुबुळ एकदम सुजून गेलं असेल, ज्याला हायड्रॉप्स म्हणतात, तर बऱ्याचदा पीकेच करावं लागतं. डाल्क चालू असताना तो पापुद्रा फाटला तर सर्जन तिथल्या तिथे पीके करतात. शुद्धीवर आल्यावर ‘ठरलं होतं ते झालं नाही’ असं कळलं, तर त्यात डॉक्टरचं काही चुकलंच असं नाही.

तुमचं नेमकं काय झालंय हे तुम्हाला माहीत असायलाच हवं. पुढचे धोके त्यावर ठरतात.

टाके

रोपण शिवायचा नायलॉनचा धागा केसापेक्षाही बारीक असतो. सोळा सुटे टाके, किंवा गोल फिरवलेला एक सलग टाका, किंवा दोन्ही मिळून. पोटावरचे टाके आठ-दहा दिवसांत निघतात, इथे वर्ष-दीड वर्ष जातं. कारण बुबुळात रक्तवाहिन्या नाहीत, आणि शरीराने परकं बुबुळ नाकारू नये म्हणून वरून स्टिरॉइडचे थेंब चालू असतात. दोन्हींमुळे जखम संथपणे भरते.

रोजच्या तक्रारींत टाक्यांचा नंबर वरचा. जखम भरताना आक्रसते आणि एखादा टाका सैल पडतो. सैल टाक्याला चिपड चिकटतं, पापणीला तो कुसळासारखा खुपतो. त्याच्या वाटेने जंतू आत शिरतात आणि टाक्याच्या तोंडाशी पांढरा ठिपका उठतो. शिवाय सैल टाक्याच्या दिशेने लाल रक्तवाहिन्या रोपणाकडे सरकू लागतात, आणि रक्तवाहिनी आली की शरीराची पहारेकरी यंत्रणाही मागोमाग आलीच. म्हणून सैल किंवा तुटलेला टाका ‘पुढच्या तपासणीला दाखवू’ म्हणून ठेवायचा नाही. भुलीचे थेंब टाकून, स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या दुर्बिणीवर) बसवून तो काढायला दोन-चार मिनिटं पुरतात.

काही टाके त्रास देत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं तसेच ठेवतात. नायलॉन हळूहळू झिजतं आणि एक दिवस आपोआप तुटतं. सगळं विसरून गेलेल्या माणसाला काही वर्षांनी सकाळी उठल्यावर डोळ्यात खडा गेल्यासारखं वाटतं, ते यामुळे.

आणि दरवेळी खुपेलच असंही नाही. रोपण करताना बुबुळाच्या नसा कापल्या जातात. त्या पुन्हा वाढतात, पण सावकाश आणि अर्धवट. बदललेल्या बुबुळाला स्पर्श कमी कळतो. नेहमीच्या डोळ्यात धुळीचा कण गेला तर आपण कासावीस होतो, इथे टाका पिकला तरी जरासं चुरचुरतं, एवढंच. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हा हिशेब या डोळ्याला लावू नका.

रिजेक्शन म्हणजे रोपण गेलं, असं नाही

किडनी बसवताना रक्तगट जुळवतात, नातेवाइकांच्या तपासण्या होतात. बुबुळासाठी सहसा यातलं काही करत नाहीत. रक्तवाहिन्या नसल्यामुळे परकं बुबुळ शरीराच्या नजरेत पटकन येत नाही. म्हणूनच ७ डिसेंबर १९०५ रोजी ओलोमोउत्स या आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांना जमलं. चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुराला त्यांनी दोन्ही डोळ्यांत बुबुळं बसवली, त्यातलं एक स्वच्छ राहिलं. तेव्हा ना स्टिरॉइड होतं ना नायलॉनचा धागा. इतर कुठल्याच अवयवाच्या बाबतीत असं काही त्या काळी शक्यही नव्हतं.

पण नजर चुकते म्हणजे कायमची चुकते असं नाही. टाका सैल झाला, जंतुसंसर्ग झाला, थेंब अचानक बंद केले, किंवा काहीही निमित्त नसतानाही शरीर एक दिवस परकं बुबुळ ओळखतं आणि त्यावर हल्ला करतं. हे रिजेक्शन. पहिल्या एक-दोन वर्षांत त्याचा धोका जास्त असतो. टाके काढल्यानंतरच्या काही आठवड्यांतही लक्ष ठेवावं लागतं. पण पंधरा वर्षांनी झालेलं रिजेक्शनही डॉक्टरांनी पाहिलेलं असतं.

यात सगळ्यात वाईट हल्ला आतल्या थरावरचा. स्लिट लॅम्पमधून पाहिलं तर रोपणाच्या मागच्या बाजूला एक बारीक, वेडीवाकडी रेघ दिसते, खोदादूस्त रेषा. रोपणाच्या कडेपासून ती निघते आणि दिवसागणिक पुढे सरकते. रेषेच्या मागे बुबुळ गढूळ आणि सुजलेलं, पुढे अजून लख्ख. ती रेघ म्हणजे पांढऱ्या पेशींची फळी. तिने ओलांडलेल्या भागातल्या दात्याच्या पेशी मेलेल्या असतात आणि त्या परत येत नाहीत. सोमवारी दिसलेली रेघ गुरुवारी कुठे पोचलेली असेल, यावर रोपणाचं पुढचं आयुष्य ठरतं.

वेळेत गाठलं तर रिजेक्शन परतवता येतं. प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटचे थेंब सुरुवातीला तासातासाला, गरज पडली तर स्टिरॉइड गोळीतून किंवा शिरेतून. बऱ्याच जणांचं बुबुळ पुन्हा स्वच्छ होतं. मात्र प्रत्येक हल्ल्यात पेशींचा साठा घटतो. दोन-तीन हल्ले पचवलेलं रोपण वरून छान दिसलं तरी आतून ते बरंच रिकामं झालेलं असतं. साठा अगदी तळाला गेला की पाणी फेकणं थांबतं, बुबुळ कायमचं धूसर होतं. त्याला म्हणायचं रोपण निकामी झालं. रिजेक्शन आणि निकामी होणं यांच्यामध्ये जे काही दिवस असतात, ते पेशंटच्या हातात असतात.

आपल्याकडे ते दिवस एका वाक्यात वाया जातात: ‘डोळे आलेत, दोन दिवसांत जातील.’ डोळा लाल, पाणी येतंय, उजेड सहन होत नाही. घरात कोणीतरी म्हणतं, साथ चालू आहे. मेडिकलमधून अँटिबायोटिकचे थेंब आणले जातात, गुलाबपाणी टाकलं जातं, आणि आठवडा निघून जातो. डोळे येणं आणि रिजेक्शन यातला फरक घरी ओळखायच्या भानगडीत पडूच नका. रोपण झालेला डोळा लाल झाला, उजेड टोचू लागला, धूसर दिसू लागलं किंवा दुखू लागलं, यातलं एकही झालं की त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी बुबुळाच्या डॉक्टरकडे. रविवार असला तर रविवारी.

धूसर दिसणं चटकन लक्षात येत नाही, कारण दुसरा डोळा सांभाळून घेतो. म्हणून भिंतीवर कालनिर्णय लटकवलेलं असतंच, त्याचा उपयोग करा. रोज सकाळी ठरलेल्या एकाच जागी उभं राहायचं, चांगला डोळा तळव्याने झाकायचा आणि रोपणाच्या डोळ्याने तारखा वाचायच्या. काल तिथीची ओळ लागत होती आणि आज नुसता आकडाच दिसतोय, तर फोन उचला. चष्मा किंवा लेन्स लावत असाल तर ती लावूनच हे करायचं.

डाल्क झालेल्यांना यातला मोठा दिलासा आहे. आतला थर स्वतःचाच असल्यामुळे त्यावरचं रिजेक्शन होत नाही. वरच्या थरांवरचं होऊ शकतं, पण ते बहुधा थेंबांनी निवतं. त्यांच्या वेगळ्या कटकटी असतात: नवा आणि जुना थर जिथे टेकतात तिथे किंचित धूसरपणा राहणं, किंवा सुरुवातीच्या दिवसांत दोन थरांच्या मध्ये पाणी साठून फट पडणं, जी बऱ्याचदा हवा किंवा वायू भरून मिटवतात.

थेंबांची बाटली

प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे कण तळाशी बसतात. बाटली न हलवता थेंब टाकला तर डोळ्यात नुसतंच पातळ पाणी जातं आणि औषध बाटलीत राहतं. प्रत्येक वेळी चांगली हलवायची. एक थेंब पुरतो, दुसरा गालावरच येतो. दोन वेगवेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची.

आता याच औषधाची दुसरी बाजू. स्टिरॉइडने काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, समोरचं स्पष्ट दिसत राहतं, आणि मागची नस सुकत जाते. हा स्टिरॉइडचा काचबिंदू. बुबुळ आरशासारखं स्वच्छ आणि नजर गेलेली, असा प्रकार होऊ शकतो, आणि नस गेली की ती बदलता येत नाही. शिवाय बदललेल्या बुबुळाची जाडी आणि आकार वेगळा असल्याने दाब मोजतानाही फसगत होते, त्यामुळे मोजणाराही सरावाचा लागतो. स्टिरॉइडने मोतीबिंदूही लवकर येतो, पण तो काढता येतो, त्याची एवढी धास्ती नको.

म्हणजे थेंब स्वतःच्या मनाने बंद केले तर रिजेक्शन, आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षभर आणत राहिलं तर काचबिंदू. दोन्हीकडे खड्डा आहे. थेंब महिन्यामहिन्याने कमी करत नेणं आणि दरवेळी दाब तपासणं, एवढाच मार्ग. दाब चढतोय असं दिसलं तर डॉक्टर सौम्य स्टिरॉइड देतात किंवा दाबाचं औषध जोडतात. पीके झालेल्या काही जणांना दिवसाला एक थेंब फार काळ चालू ठेवतात. यावर सगळ्या डॉक्टरांचं मत सारखं नाही. दोन पेशंटांच्या चिठ्ठ्या जुळल्या नाहीत म्हणून घाबरू नये.

बुबुळ स्वच्छ, तरी नीट दिसत नाही

याचा मनस्ताप फार होतो, कारण याची तयारी कोणी करून घेतलेली नसते. नवी चकती कितीही नेटाने शिवली तरी ताण सगळीकडे सारखा बसत नाही. चार-पाचचा सिलिंडर नंबर राहणं यात काही विशेष नाही. टाके आहेत तोवर नंबर बदलत राहतो. डॉक्टर बुबुळाचा नकाशा काढून ज्या बाजूला ओढ जास्त तिथले टाके आधी काढतात, त्याने फरक पडतो. सगळे टाके निघाले की नंबर पुन्हा एकदा उडी मारतो, कधी चांगल्या बाजूला, कधी वाईट. तोवर महागडी फ्रेम आणि काच करून घेऊ नये, हे माझं मत, चष्मेवाल्याचं वेगळं असू शकेल.

यानंतरही बऱ्याच जणांना हार्ड किंवा स्क्लेरल लेन्स लावावी लागते. ‘परत लेन्सच लावायची होती तर बुबुळ कशाला बदललं?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की आधी लेन्स बसत नव्हती किंवा लावूनही फुलामुळे दिसत नव्हतं, आता बसते आणि दिसतं. लेन्स नको असेल तर बुबुळावर सिलिंडर कमी करणारे छेद किंवा डोळ्याच्या आत बसवायची टोरिक (सिलिंडर नंबर असलेली) लेन्स असे उपाय आहेत, पण टाके निघून नंबर स्थिरावल्यावरच.

धक्का

पीकेची जखम पूर्वीच्या बुबुळाइतकी मजबूत कधीच होत नाही. दहा वर्षांनीही नाही, वीस वर्षांनीही नाही. कडेवरच्या बाळाचा हात, झोपेत लागलेलं कोपर, टेनिस बॉल, बाथरूममध्ये घसरून नळावर आपटणं, एवढ्याने ती उसवू शकते, आणि मग बुबुळाचाच नाही तर अख्ख्या डोळ्याचा प्रश्न येतो. डाल्कमध्ये आतला पापुद्रा शाबूत असल्याने धोका कमी, पण शून्य नाही. कबड्डी, कुस्ती, कराटे आणि दहीहंडीचे थर यांना राम राम. क्रिकेट खेळायचंच तर पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावून. नंबर असो वा नसो, दुचाकीवर आणि शेतात डोळ्यांवर काच हवीच. उसाचं पातं लागून बुबुळात बुरशी शिरते, हे ऊसपट्ट्यातल्या कोणाला सांगायला नको, आणि स्टिरॉइड चालू असलेल्या डोळ्यात ती फार भराभर पसरते.

मार लागलाच तर डोळा धुवायचा नाही, दाबायचा नाही, पट्टी आवळायची नाही. ऑपरेशननंतर मिळालेली प्लॅस्टिकची कडक ढाल जपून ठेवलेली असेल तर ती हलकेच चिकटवायची आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. वाटेत चहा-पाणीही नको, कारण लगेच भूल द्यावी लागू शकते.

डोळे चोळणं हाही मारच आहे, हप्त्याहप्त्याने दिलेला. केरॅटोकोनसच्या पेशंटला ती सवय बऱ्याचदा लहानपणापासून असते आणि रोपणाने ती जात नाही. अ‍ॅलर्जीवर नेमाने औषध घेतलं तरच हात खाली राहतो.

दूरच्या गोष्टी

क्वचित रोपण पहिल्या दिवसापासून गढूळच राहतं, कारण दात्याच्या पेशी आधीच थकलेल्या असतात. अशा वेळी ते बदलून दुसरं बसवतात. क्वचितच ऑपरेशननंतर बाहुली मोठी होऊन तशीच राहते आणि उजेडाला आक्रसत नाही. १९६३ साली उरेत्स-साव्हालिया यांनी याचं वर्णन केलं आणि त्यांचंच नाव त्याला मिळालं.

केरॅटोकोनस परत येऊ शकतो का? येऊ शकतो, पण बहुधा पंधरा-वीस वर्षांनी. चकती दात्याची असली तरी भोवतालची कड पेशंटचीच असते, आणि ती पातळ होत गेली की रोपण तिरकं होतं. लक्षण एकच, नंबर परत वाढू लागणं. वयाच्या चाळिशीत दर वर्षी सिलिंडर चढतोय तर चष्म्याच्या दुकानात काचा बदलत बसू नका, बुबुळाचा नकाशा काढून घ्या.

निकामी झालेलं रोपण बदलता येतं. पीके धूसर झालं असलं पण त्याचा आकार चांगला असेल, तर पूर्ण चकती न बदलता फक्त आतला थर नवा बसवण्याची सोय आता आहे. टाके कमी, नजर लवकर येते. पण दुसरं रोपण पहिल्याइतकं टिकत नाही आणि तिसरं दुसऱ्याइतकं नाही, त्यामुळे पहिलंच जास्तीत जास्त वर्षं चालवणं हा खरा फायद्याचा सौदा.

तरुण पेशंट एका गावात राहत नाहीत. ऑपरेशन कोल्हापूरला होतं, नोकरी हिंजवडीत लागते, पुढे कोणी दुबईला जातं, कोणी न्यू जर्सीला. नव्या डॉक्टरला डोळा पहिल्यांदाच दिसत असतो आणि ‘बुबुळ बदललंय’ एवढं सांगून त्याला फारसं काही कळत नाही. म्हणून एका कागदावर लिहून मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा: ऑपरेशनची तारीख, पीके की डाल्क, चकतीचा व्यास, किती टाके अजून आत आहेत, आतापर्यंत रिजेक्शन कधी आणि किती वेळा झालं, सध्या कोणता थेंब दिवसातून कितीदा, शेवटचा दाब आणि एंडोथेलियमच्या पेशींची शेवटची मोजणी. दर तपासणीनंतर शेवटच्या तीन गोष्टी बदलून घ्यायच्या.